अस्मिता आणि ओळख : यंत्रदेही माणसाच्या विज्ञानकथेचा इतिहास

१

'आयडेंटिटी' या संज्ञेसाठी मराठीत 'अस्मिता' आणि 'ओळख' असे दोन शब्द रूढ आहेत. समीक्षालेखनात ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांची घडण भिन्न आहे. 'अस्मिते'च्या मुळाशी 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', हे क्रियापद आहे. ती आतून उमटणारी जाणीव होय. पातंजल योगसूत्रांत तिची गणना पाच क्लेशांत केली असून पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असे भासणे, हा तिचा अर्थ तेथे सांगितला आहे. 'ओळख' हा शब्द मात्र दुसऱ्या माणसावाचून उभाच राहत नाही. ओळख होते, पटते, दाखविली जाते, नाकारली जाते. अनोळखी प्रेताचीही ओळख पटवावी लागते, आणि पटविणारा अर्थातच दुसरा असतो.

अवयव, इंद्रिये किंवा मेंदू यांची जागा यंत्राने घेतली तर माणूस तोच राहतो काय, हा प्रश्न हाताळणाऱ्या कथांची परंपरा इंग्रजीत पावणेदोनशेहून अधिक वर्षांची आहे. तिचे विवेचन बहुधा 'अस्मिते'च्या अंगाने झाले. यंत्र शिरले की मनुष्यत्व ओसरते, आणि कथा त्या ओसरण्याची नोंद करते, अशी वाचनाची एक ठरीव चौकट त्यातून तयार झाली. प्रत्यक्ष कथा क्रमाने वाचल्या तर निराळे चित्र दिसते. त्यांतील बदललेल्या माणसाला स्वतःविषयी क्वचितच शंका येते. शंका येते ती त्याच्याकडे पाहणाऱ्याला. आणि या शंकेच्या पाठीमागे शरीर कोणी जुळविले, खर्च कोणी केला, त्याच्यावर हक्क कोणाचा, हे व्यवहाराचे प्रश्न उभे असतात. ही परंपरा प्रथम ओळखीची आहे, अस्मितेची फार उशिरा झाली, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी येथे लघुकथांचाच विचार केला आहे. बदललेल्या माणसाचे सबंध आयुष्य उभे करण्याची जबाबदारी कादंबरीवर येते. कथेला ती नसते. दुसऱ्याची नजर त्या देहावर पडते आणि ती ओळखते वा ओळखत नाही, त्या क्षणापाशी कथा थांबू शकते.

२

परंपरेचा आरंभ एडगर ॲलन पो याच्या 'द मॅन दॅट वॉज यूज्ड अप' या कथेत मानता येतो. ती १८३९ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियातील 'बर्टन्स जंटलमन्स मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रेव्हेट ब्रिगेडियर जनरल जॉन ए. बी. सी. स्मिथ हा मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमेत गाजलेला वीर. त्याचे दात, केस, खांदे, आवाज यांत कोठेही उणे नाही. निवेदकाला त्याच्याविषयी कुतूहल वाटते. चर्चमध्ये, नाट्यगृहात, पत्त्यांच्या बैठकीत तो चौकशी करीत फिरतो. प्रत्येक जण 'तो तर असा मनुष्य की—' असे म्हणू लागतो आणि प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावर तुटते. अखेरीस तो जनरलच्या घरी जातो तेव्हा जमिनीवर पडलेले एक गाठोडे त्याच्या पायाला लागते. ते गाठोडे किरट्या आवाजात बोलू लागते आणि पॉम्पी नावाचा कृष्णवर्णीय नोकर त्याला पाय, हात, खांदे, टोप, दात, डोळा असे एकेक बसवीत जातो. शेवटी टाळू बसविल्यावर तो भारदस्त आवाज परत येतो.

ही कथा प्रहसन म्हणून वाचली जाते, आणि ती प्रहसन आहेही. तथापि तिच्यात पुढील सर्व कथांचे धागे सापडतात. जनरलला स्वतःविषयी तिळमात्र संशय नाही. तो यंत्रयुगाच्या प्रगतीची स्तुती करीत असतो. प्रत्येक अवयव बसविला जात असताना तो कोणत्या कारागिराकडून घ्यावा याची शिफारस तो करतो, म्हणजे त्याचे शरीर ही खरेदीची यादी असून तिची जाहिरातही तोच करतो. आणि हा देह रोज सकाळी जुळवितो तो एक काळा नोकर, ज्याला जनरल शिव्या देत असतो. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपण्यास त्या वेळी अजून पंचवीसहून अधिक वर्षे होती, आणि मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हुसकणारा कायदा १८३० मध्येच झाला होता. ज्यांचा मुलूख हिरावला त्यांनी जनरलचे तुकडे केले, आणि ज्याला स्वतःच्या देहावर हक्क नाही तो ते तुकडे जोडतो. समाजाला ओळख आहे ती फक्त जोडलेल्या आकृतीची. जोडणाऱ्याचा उल्लेखही त्या अर्धवट तुटलेल्या वाक्यांत येत नाही.

३

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा शंभराहून अधिक वर्षांनी येतो. जॉन कॅम्बेल यांच्या संपादनाखाली 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' हे मासिक अमेरिकन विज्ञानकथेचे केंद्र बनले होते. त्याच्या डिसेंबर १९४४ च्या अंकात सी. एल. मूर यांची 'नो वुमन बॉर्न' ही कथा आली. जगाची लाडकी नर्तिका-गायिका डिएड्री नाट्यगृहाच्या आगीत होरपळते. माल्ट्झर नावाचा शास्त्रज्ञ तिचा मेंदू वाचवून धातूच्या देहात बसवितो. या देहाला चेहरा नाही. डोळ्यांच्या जागी काचेची चंद्रकोर आहे. स्पर्श, चव, गंध ही इंद्रिये गेली आहेत. सोन्यासारख्या चमकणाऱ्या या आकृतीसमोर तिचा जुना व्यवस्थापक हॅरिस प्रथम येतो तेव्हा त्याला क्षणभर पूर्वीची डिएड्रीच दिसते. ही ओळख तो तिच्या हालचालींच्या लकबीवरून पटवितो.

कथेतील संघर्ष येथे सुरू होतो. डिएड्रीला पुन्हा रंगमंचावर जायचे आहे. ती दूरचित्रवाणीवर नृत्यगायन करते आणि प्रेक्षक तिला ओळखतात, स्वीकारतात. माल्ट्झरला मात्र खात्री आहे की ती आता अपुरी आहे, लोकांची दया आटताच ती मोडून पडेल, आणि आपण एक अभागी वस्तू निर्माण केली आहे. पश्चात्तापाने तो खिडकीतून उडी घेऊ पाहतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेली डिएड्री मानवी डोळ्याला टिपता येणार नाही अशा वेगाने त्याला उचलून आणते. आपण माणसापेक्षा उणे झालो नसून अधिक झालो आहोत, हे तिने आतापर्यंत लपविले होते. तिचे भय निराळे आहे. आपल्यासारखे दुसरे कोणीच नाही या एकटेपणात माणसांशी असलेला दुवा सुटत जाईल, हे ते भय. कथा संपताना तिच्या आवाजात धातूचा किंचित स्वर उमटलेला ऐकू येतो.

माल्ट्झरचे मत म्हणजेच कथेचे मत, असे समजून या कथेचे वाचन करण्याचा मोह होतो. वस्तुतः मूर यांनी ते मत पात्राच्या तोंडी घालून कथेतच तपासले आहे. 'यंत्राने माणुसकी हिरावली' हा निष्कर्ष काढणारा हा गृहस्थ त्या देहाचा निर्माता आहे. त्याच्या करुणेत मालकी मिसळलेली आहे. तिने नाचावे की नाही हे आपण ठरवावे असे त्याला वाटते. दोन पुरुष एका स्त्रीसमोर बसून ती अजून स्त्री आहे काय याचा खल करीत असतात, आणि तिचे म्हणणे तिला शेवटी शब्दांनी पटविता येत नाही, कृतीने सिद्ध करावे लागते. कथेला 'धातूचा स्वर' हा शेवट देऊन मूर यांनी माल्ट्झरची शंका पूर्णपणे फेटाळली नाही. पण त्या शंकेचे कारण त्यांनी बदलले. माणसांनी ओळख दिली नाही तर हा स्वर वाढेल, असे कथा सुचविते.

कॅथरीन ल्युसिल मूर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरेच वापरली ती स्त्रीत्व लपविण्यासाठी, असा समज बरीच वर्षे प्रचलित होता. त्यांनी स्वतः दिलेले कारण अधिक ऐहिक आहे. त्या इंडियानापोलिस येथे बँकेत नोकरी करीत होत्या, मंदीचा काळ होता, आणि लेखनातून दुसरे उत्पन्न मिळते हे मालकांना कळू नये अशी त्यांची इच्छा होती. ओळख लपविण्यामागे पोटाचा प्रश्न असतो, हे त्यांच्या कथेच्या आशयाशी सुसंगतच आहे.

४

पोटाचा प्रश्न पुढच्या दोन कथांत उघडपणे केंद्रस्थानी येतो. कॉर्डवेनर स्मिथ या नावाने लिहिणारे पॉल लाइनबार्गर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि मानसशास्त्रीय युद्धाचे तज्ज्ञ होते. त्यांची 'स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन' ही कथा १९५० च्या जानेवारीत 'फँटसी बुक' या लहानशा नियतकालिकात छापली गेली. अंतराळात एक असह्य वेदना असते, म्हणून नौका चालविणाऱ्या 'स्कॅनर' मंडळींचा मेंदू डोळे सोडून सर्व इंद्रियांपासून तोडलेला असतो. त्यांना ऐकू येत नाही, स्पर्श कळत नाही. छातीवर बसविलेल्या यंत्रपेटीतील काटे पाहून स्वतःचे शरीर जिवंत ठेवावे लागते. मार्टेल हा त्यांपैकी एक. एका तारेच्या साहाय्याने तो थोड्या वेळापुरता पुन्हा संवेदनशील होतो आणि पत्नीजवळ बसतो. अशाच वेळी त्याला तातडीच्या सभेचे बोलावणे येते. ॲडम स्टोन नावाच्या माणसाने ती वेदना टाळण्याचा उपाय शोधला आहे. आता स्कॅनरांची गरज उरणार नाही, म्हणून स्टोनला ठार मारावे, असा ठराव त्यांचा संघ मंजूर करतो.

कथेचे मर्म या सभेत आहे. बदललेल्या माणसांची येथे संघटना आहे, तिचे विधी, पाठ केलेली प्रश्नोत्तरे, मानमरातब आहेत. आणि आपली जखम हेच आपले भांडवल असल्यामुळे ती बरी करणारा माणूस त्यांना शत्रू वाटतो. मार्टेल विरोध करतो तो त्या घटकेपुरता त्याच्या अंगात संवेदना आहे म्हणून. तो स्टोनला वाचवितो, त्यासाठी त्याला आपल्याच एका सहकाऱ्याचा जीव घ्यावा लागतो, आणि शेवटी सर्व स्कॅनरांना त्यांचे शरीर परत मिळते. त्या सहकाऱ्याच्या मरणाची मात्र एक सोयीस्कर हकीकत प्रसृत केली जाते. पूर्ववत झालेल्या माणसांचा आनंद एका लपविलेल्या हत्येवर उभा आहे, ही बोच कथा जाता जाता ठेवून देते.

या कथेनंतर दहा वर्षांनी, १९६० मध्ये, मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी 'सायबोर्ग' हा शब्द घडविला. अंतराळात पृथ्वीचे वातावरण वाहून नेण्यापेक्षा माणसाचे शरीरच तेथल्या परिस्थितीस अनुरूप करावे, ही त्यांची कल्पना होती. त्या मांडणीत अशा माणसाचे सामाजिक स्थान काय, याचा विचार नव्हता. तो स्मिथ यांनी आधीच केला होता. सॅम्युएल डिलेनी यांनी तो 'आय, अँड गोमोरा' या १९६७ च्या कथेत पुढे नेला. हार्लन एलिसन यांनी संपादित केलेल्या 'डेंजरस व्हिजन्स' या संग्रहात ती प्रसिद्ध झाली. अंतराळातील कामासाठी येथे मुलांना वयात येण्यापूर्वीच लिंगहीन केले जाते, आणि पृथ्वीवर त्यांच्याविषयी आसक्ती बाळगणारा, त्यांना पैसे देणारा एक वर्ग निर्माण होतो. कथा इस्तंबूलमध्ये घडते. तेथील विद्यार्थिनीजवळ द्यायला पैसे नाहीत, आणि तिला जे हवे आहे ते निवेदकाजवळ नाही. तिला तो ज्या गोष्टीमुळे प्रिय आहे ती गोष्ट त्याच्याकडून नोकरीच्या अटीत काढून घेतलेली आहे. तिची ओळख ही त्याच्या वंचनेचीच ओळख होय.

५

जेम्स टिपट्री ज्युनियर यांची 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' ही दीर्घकथा १९७३ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या 'न्यू डायमेन्शन्स ३' या संकलनात आली आणि १९७४ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पोच्या जनरलने कारागिरांची शिफारस केली होती. येथे शिफारस हाच धंदा आहे. भविष्यकाळातील या समाजात जाहिरातीवर बंदी असल्यामुळे कंपन्या लोकप्रिय व्यक्तींना वस्तू वापरताना दाखवून माल खपवितात. पी. बर्क ही कुरूप, आजारी, आत्महत्येचा प्रयत्न केलेली मुलगी. कंपनी तिला तळघरातील एका कक्षात बसवून डेल्फी नावाच्या, मेंदू नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या सुंदर देहाला दुरून चालविण्याचे काम देते. डेल्फी जगप्रिय होते. कंपनीच्या एका उच्चाधिकाऱ्याचा मुलगा पॉल तिच्या प्रेमात पडतो. डेल्फीला कोणीतरी दुरून छळत आहे अशा समजुतीने तो तिला 'सोडवायला' येतो. तारांसह धडपडत बाहेर आलेली पी. बर्क त्याला नावाने हाक मारते, आणि त्याच्याच हातून मरते. पुढे डेल्फीचा देह दुसऱ्या कोणाच्या तरी हाती चालू राहतो.

पॉल खलनायक नाही, ही या कथेची दाहकता. तो व्यवस्थेविरुद्ध बंड करणारा, उदार वृत्तीचा तरुण आहे. माल्ट्झरप्रमाणे त्यालाही यंत्राच्या तावडीतून 'खऱ्या' स्त्रीला मुक्त करायचे आहे, आणि त्याच्याप्रमाणेच तोही समोरच्या स्त्रीला ओळखत नाही. त्याने ज्या शब्दांवर प्रेम केले ते शब्द पी. बर्कचे होते. अस्मितेच्या दृष्टीने पाहिले तर या कथेत कोडे नाही. पी. बर्कला आपण कोण आहोत, काय हवे आहे, हे पक्के ठाऊक आहे. ओळखीच्या दृष्टीने पाहिले तर ती सुरुवातीपासूनच अदृश्य आहे, आणि यंत्राने त्या अदृश्यतेचा फक्त भाव ठरविला.

या कथेचा लेखक स्वतः एक रचलेली ओळख होता. १९६८ पासून टिपट्री या नावाने कथा येत होत्या. लेखकाला कोणी पाहिले नव्हते. १९७५ मध्ये टिपट्री यांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना सिल्व्हरबर्ग यांनी हे लेखन निःसंशय पुरुषाचे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे लवकरच उघड झाले की टिपट्री म्हणजे ॲलिस ब्रॅडली शेल्डन, मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेल्या, एके काळी अमेरिकन गुप्तचर खात्यात काम केलेल्या साठीच्या विदुषी. सिल्व्हरबर्ग यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. ही हकीकत गमतीखातर सांगितली जाते, पण तिचे समीक्षात्मक मूल्य मोठे आहे. जाणत्या वाचकाने शैलीवरून केलेली ओळखही पूर्वसंकेतांवर चालते, हे तिने दाखविले.

१९८५ मध्ये डॉना हॅरावे यांनी आपल्या सायबोर्गविषयक जाहीरनाम्यात टिपट्री आणि डिलेनी यांचा नामनिर्देश करून यंत्र-मानव संकराला मुक्तीच्या रूपकाचा दर्जा दिला. स्त्री-पुरुष, निसर्ग-कृत्रिम ही द्वंद्वे मोडण्याची शक्यता त्यांना या आकृतीत दिसली. ही मांडणी प्रभावी ठरली आणि 'ऱ्हासा'ची चौकट तिने निश्चितच खिळखिळी केली. तथापि ज्या कथांच्या आधारे ती उभी राहिली त्या तिच्याहून सावध आहेत. पी. बर्क मुक्त होत नाही, मरते. स्कॅनर मुक्त होतात ते यंत्र उतरवून. सीमा मोडल्या म्हणून मालकी मोडत नाही, हे या कथांचे म्हणणे सिद्धान्तात पुरेसे उतरले नाही. एकविसाव्या शतकात त्याचा प्रत्यय प्रत्यक्ष व्यवहारात आला. अंधांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसविणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने ते उत्पादन सोडून दिले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले की ज्यांच्या डोळ्यांत ते बसविलेले होते त्यांना दुरुस्तीसाठी कोणी वाली उरला नव्हता.

६

'मी तोच आहे काय?' हा शुद्ध अस्मितेचा प्रश्न या परंपरेत ठसठशीतपणे येतो तो ऑस्ट्रेलियन लेखक ग्रेग ईगन यांच्या 'लर्निंग टु बी मी' या कथेत. ती ब्रिटनमधील 'इंटरझोन' मासिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. येथे प्रत्येकाच्या डोक्यात लहानपणीच एक 'रत्न' बसविलेले असते. ते मेंदूचे हुबेहूब अनुकरण करायला शिकते. पुढे केव्हातरी मेंदू काढून टाकून देहाचा ताबा त्याच्याकडे दिला जातो, कारण रत्न म्हातारे होत नाही. निवेदक या बदलाला भितो. एके दिवशी त्याच्या ध्यानात येते की आपण ठरवितो ते शरीर करीत नाही. अनुकरणाचा दुवा तुटला आहे, आणि आजवर 'मी' म्हणून बोलणारा तो मेंदू नसून रत्नच आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांच्या एकरूपतेचा भास, हा अस्मितेचा प्राचीन अर्थ येथे शब्दशः कथानक होऊन येतो.

मात्र शेवट पुन्हा ओळखीचाच आहे. मेंदू काढला जातो, रत्नाला देह मिळतो, आणि कोणाला काहीही कळत नाही. पत्नीला नाही, मित्रांना नाही. एक माणूस गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, परंतु ओळख अखंड राहिली. पोच्या कथेत जोडलेली आकृती ओळखून समाज समाधान मानत होता. ईगन यांच्या कथेतही तो तेच करतो. फरक इतकाच की, गाठोड्याला पाय लागण्याची शक्यता आता उरलेली नाही.

७

मराठी विज्ञानकथेत हा विषय तुरळक आला, त्याचे एक कारण तिच्या उगमाशी आहे. विज्ञानप्रसाराची जबाबदारी शिरावर घेऊन ती वाढली आणि समीक्षेनेही तिचे मोल बहुधा त्याच मापाने केले. तरी जयंत नारळीकर यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा येथे आठवावी लागते. तिच्यात एका क्रिकेटपटूचे शरीर आरशातील प्रतिबिंबासारखे उलटे होते. उजव्याचे डावे होते. कथेकडे भूमितीतील चमत्कृती म्हणून पाहिले गेले, पण तिचे शीर्षक अधिक काही सांगते. डाव्या आणि उजव्या सोंडेच्या मूर्तीत द्रव्याचा काहीच भेद नसतो. तरी उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानले जाते. बाजू बदलली की पाहणाऱ्यांचे वागणे बदलते, हा ओळखीचा नियम या शीर्षकात आयता सापडतो.

नारळीकर यांच्या कथालेखनाचा आरंभही या विषयाशी सुसंगत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने, हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेऊन, पाठविली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव बनविले होते. आपल्या कीर्तीने परीक्षकांची नजर बदलू नये, हा त्यांचा हेतू होता. टिपट्रीने जे अनेक वर्षे केले ते येथे एका कथेपुरते घडले. दोन्हीकडे लेखक आपली अस्मिता बदलत नव्हता, दुसऱ्याच्या ओळखीवर नियंत्रण ठेवू पाहत होता.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला, तेव्हापासून ओळख पटविणारा 'दुसरा' यंत्राच्या रूपानेही समोर आला. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांना स्वस्त धान्याच्या दुकानात हे यंत्र ओळखत नाही, असे अनुभव पुढे अनेक ठिकाणांहून नोंदले गेले. त्या माणसाला आपण कोण आहोत याविषयी शंका नसते. त्याची अस्मिता शाबूत असते. अडते ती ओळख, आणि तिच्याबरोबर शिधा. या प्रसंगाची कथा मराठीत लिहिली गेली, तर तिचे नाते परग्रहांच्या आणि यंत्रमानवांच्या कथांपेक्षा डिएड्री आणि पी. बर्क यांच्याशी अधिक जवळचे असेल. तिची समीक्षा करणाऱ्याने यंत्राने माणसाचे काय केले एवढेच विचारून भागणार नाही. हे यंत्र कोणाचे आहे, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला तेथे कोणी आहे काय, हेही विचारावे लागेल.